चर्चचे पंचांग आणि आपला पाऊस

गोव्यात सासष्टी तालुक्यातल्या राय गावचे चर्च हिमाच्या मातेला अर्पण केलेले आहे. हे हिम रोमचे. चौथ्या शतकात ऐन ऑगस्टच्या उन्हाळ्यात रोममधल्या एस्क्विलिन टेकडीवर बर्फ पडले आणि आपले देऊळ कुठे बांधायचे ते मरियेने असे दाखवून दिले, अशी जुनी आख्यायिका आहे. त्या टेकडीवरच्या सांता मारिया माज्जोरे बॅसिलिकेत ५ ऑगस्टला आजही छतातून पांढऱ्या पाकळ्यांचा वर्षाव करतात. राय गावात त्याच तारखेला पाऊस धो धो कोसळत असतो आणि लोक साजरे करतात ते कणसांचे फेस्त. मिरवणूक शेताकडे निघते, धर्मगुरू उभ्या भाताला आशीर्वाद देतात, पहिली कणसे विळ्याने कापली जातात. ती वेदीवर जातात, लोकांत वाटली जातात आणि घरोघरच्या आल्तारावर खोचली जातात. गोव्यातल्या कणसांच्या फेस्तांची सुरुवात इथून होते. पुढे २१ ऑगस्टला ताळगाव आणि मागोमाग इतर गावे.

राय गावकऱ्यांनी रोमची तारीख मोडली नाही, नावही बदलले नाही. त्या तारखेत त्यांनी आपले भात आणून ठेवले. गावाला लागूनच राचोल आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली तिथेच छापले गेले. बायबलची कथा ओवीत आणायला एका विद्वान इंग्रज जेझुइटाची प्रतिभा लागली. बायबलचे पंचांग पावसात आणण्याचे काम मात्र शेतकऱ्यांनी कुठेही नाव न नोंदवता केले. पहिल्या कामाचा गौरव आपण चारशे वर्षे करत आलो आहोत आणि तो रास्तच आहे. दुसऱ्या कामाकडे मात्र ‘लोकांची हौस’ म्हणून पाहिले जाते. माझे म्हणणे असे, की ही हौस नव्हे. ख्रिस्ती उपासना वर्ष मुळात असेच घडले आहे, आणि महाराष्ट्रातल्या चर्चने हे काम आता लोकांवर न सोडता स्वतःच्या उपासनेत आणायला हवे.

आधी हे वर्ष कसे चालते ते पाहू, कारण बिगरख्रिस्ती वाचकाला त्यातले नाताळ आणि गुड फ्रायडे एवढेच ठाऊक असते. चर्चचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ हा त्याचा आरंभ. वेदीवर तेव्हा जांभळा रंग असतो. मग नाताळचा पांढरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये भस्म बुधवार येतो आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. कपाळाला लावायचे भस्म मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादलेल्या झावळ्या जाळून केलेले असते, म्हणजे गेल्या वर्षीच्या जयघोषाची राख यंदाच्या पश्चात्तापाला लागते. पुढे पवित्र सप्ताह, पुनरुत्थानाचा रविवार आणि तिथून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट. हे झाले की वेदीवर हिरवा रंग चढतो आणि ‘सामान्य काळ’ सुरू होतो. वर्षातले तेहतीस-चौतीस आठवडे या सामान्य काळाचे. त्यातला मोठा सलग पट्टा पेंटेकॉस्टनंतर लागतो आणि नोव्हेंबरअखेर ख्रिस्तराजाच्या सणाच्या आठवड्याबरोबर संपतो.

आता हे कोष्टक महाराष्ट्रावर ठेवून बघा. मृग लागतो, पेरणी होते, लावणी होते, पाऊस ओढ देतो, पोटरीतून कणीस बाहेर पडते, काढणी होते, खळे होते. आणि हे सगळे चर्चच्या लेखी सामान्य काळात. ज्या महिन्यांत इथल्या माणसाचे वर्षभराचे दैव ठरते, नेमक्या त्याच महिन्यांत उपासनेच्या मुख्य पंचांगाला त्याच्याशी बोलण्यासारखे फारसे काही नसते. येशूच्या दाखल्यांतला पेरणारा आणि मोहरीचा दाणा या काळात वाचनात येतात, हे खरे. पण वाचन वेगळे आणि ऋतूचा सण वेगळा.

असे का झाले याचे उत्तर भूमध्य समुद्राच्या हवामानात आहे. पॅलेस्टाईनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. म्हणून जव वसंतात पिकतात आणि गहू त्यानंतर काही आठवड्यांनी. यहुद्यांचा वल्हांडण सण जवाच्या कापणीच्या तोंडावर, तर पन्नासाव्या दिवसाचा सण गव्हाच्या कापणीचा. मिसरातून सुटकेची आठवण या शेतीच्या सणाशी जोडली गेली, आणि पुढे येशूचे मरण व पुनरुत्थान वल्हांडणाशी. पेंटेकॉस्टला पवित्र आत्म्याचे अवतरण झाले ते याच पन्नासाव्या दिवशी, यरुशलेमेत यात्रेकरूंची गर्दी असताना. इसवी सन ३२५ च्या निकेया परिषदेने सर्व चर्चेसनी पुनरुत्थानाचा सण एकाच दिवशी पाळावा असे ठरवले. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार हा नियम त्यातून रुळला. म्हणून हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान मागेपुढे होतो. सूर्य, चंद्र आणि पीक या तिघांचाही हात चर्चच्या सर्वांत मोठ्या सणाच्या तारखेला लागलेला आहे.

पण यहुद्यांच्या यात्रेचे सण तीन होते. तिसरा मंडपांचा सण, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला येणारा, फळाफळावळ आणि वर्षाची शेवटची सुगी घरात आल्यावर झावळ्या-फांद्यांच्या मांडवात राहून साजरा करायचा. या सणाच्या शेवटी यहुदी आजही पावसासाठी प्रार्थना करतात. ख्रिस्ती चर्चने पहिले दोन सण घेतले, त्यांना नवा अर्थ दिला. तिसरा मात्र घेतला नाही. वर्षाच्या उत्तरार्धात जागा रिकामी राहिली.

रिकामी जागा लोक भरतात. युरोपात ऋतूंच्या सांध्यावर उपवासाचे दिवस आले. पाचव्या शतकात गॉलमधल्या व्हिएन शहराच्या मामेर्तुस नावाच्या बिशपने संकटनिवारणासाठी प्रार्थनेच्या मिरवणुका सुरू केल्या, आणि पुढे त्या गावोगाव शेताच्या बांधाबांधाने फिरू लागल्या. इंग्लंडमधल्या चर्चेसमध्ये आज सर्रास होणारा सुगीचा रविवार तर अगदी अलीकडचा: कॉर्नवॉलमधल्या मॉरवेनस्टो गावचे पाळक रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १८४३ साली तो सुरू केला. आपल्याकडे हीच जागा राय आणि ताळगावच्या कणसांनी भरली. मरियेच्या जन्माच्या, म्हणजे ८ सप्टेंबरच्या सणाला मंगळूरकडचे ख्रिस्ती नवे भात घरी नेऊन नवान्न करतात. त्याच सुमाराला वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा भरते आणि श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीची यात्रा. मुंबई-ठाण्याच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात आणि कणसांची मिरवणूक वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. नकाशावर आपल्याकडची ही ठिकाणे लांब लांब आहेत, भाषा वेगळ्या, इतिहास वेगळे. तरी सगळ्यांनी बोट ठेवले ते वर्षाच्या त्याच रिकाम्या कोपऱ्यावर. याला योगायोग म्हणणे मला जड जाते.

चर्चने ऋतूंचे सण उपासनेत आणावेत, या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही दखल घ्यावी असे आहेत.

पहिला आक्षेप सनातनी श्रद्धाळू माणसाचा: ख्रिस्ती धर्म इतिहासात एकदाच घडलेल्या घटनेवर उभा आहे, ऋतूंच्या फेऱ्यावर नाही. पिकाची पूजा ही बआल या परक्या देवाची पूजा. संदेष्टे तिच्याशी भांडले. हे बरोबर आहे, पण अर्धेच. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली याजकापुढे ठेवणाऱ्या शेतकऱ्याला जे बोलायला सांगितले आहे त्यात पाऊस किंवा जमिनीची पूजा नाही; आपला पूर्वज भटका होता, आपण मिसरात गुलाम होतो आणि देवाने सोडवले, हा इतिहास त्याने टोपली पुढे ठेवून सांगायचा आहे. बायबलची रीत अशी: हातात धान्य, तोंडात इतिहास. टोपली काढून घेतली तर मागे नुसते व्याख्यान उरते.

दुसरा आक्षेप प्युरिटन वळणाचा: सगळे दिवस देवाचेच, मग सणवार हवेत कशाला? या मताच्या लोकांनी १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटकरवी नाताळच रद्द करवला. १६५९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरला. मराठी प्रॉटेस्टंटांना हा इतिहास परका नाही. १८१३ साली मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि त्यांच्यामागून नगरला गेलेले अमेरिकन मिशनरी याच न्यू इंग्लंडच्या परंपरेतले. आज त्याच नगरच्या चर्चेसमध्ये नाताळची तयारी आठवडे आठवडे आधी सुरू होते, तरुण मंडळी रात्री घरोघर गाणी गात फिरतात आणि चांदणी लावली नाही असे घर सापडत नाही. प्युरिटनांची शिकवण हरली, कारण माणसाला वर्षाला आकार दिल्याशिवाय जगता येत नाही. चर्चने आकार दिला नाही तर बाजार देतो. नाताळच्या झाडावर कापसाचे बर्फ पसरून महाराष्ट्रातल्या डिसेंबरच्या स्वच्छ थंडीत आपण जो सण करतो, तो मुख्यतः बाजाराने दिलेला आकार आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि तो आपल्याच मातीतला आहे. गावचे शेतीचे पंचांग निर्मळ नव्हते. ते जातीचेही पंचांग होते. पोळ्याला बैल कोणाचा पुढे, होळीची गोवरी कोणी आणायची, खळ्यावर कोणी कुठे उभे राहायचे, हे सगळे जन्माने ठरलेले. नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले होते. त्यांनी मिशनच्या शाळेत पाऊल टाकले तेव्हा त्यांना त्या पंचांगातून बाहेर पडायचे होते. अशा माणसाला ‘ऋतूंच्या सणांकडे परत चला’ असे सांगणे म्हणजे पुन्हा वेशीबाहेर उभे राहा असे सांगण्यासारखे होईल. गोव्यातही पहिले कणीस कापण्याचा मान परंपरेने गावकरांचा, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचा. मान म्हटला की कोणाचा आहे आणि कोणाचा नाही हा प्रश्न मागोमाग येतोच. आपले ते सगळे चांगले, असे म्हणून धर्माच्या देशीकरणाचा झेंडा फडकवणाऱ्यांनी या आक्षेपाला क्वचितच उत्तर दिले आहे.

मला वाटते, उत्तर देशावरच्या चर्चेसमधल्या सुगीच्या उपासनेत आहे. चर्चच्या पुढच्या भागात त्या रविवारी बाजरीची कणसे, मक्याचे बुट्टे, भोपळे, शेंगांचे वेल, सुपात ज्वारी, टोपलीत अंडी, पाय बांधलेली कोंबडी, सगळे मांडलेले असते. उपकारस्तुतीची गाणी होतात, प्रवचन होते आणि मग लिलाव. ज्याची गावात पाच रुपये किंमत, तो भोपळा इथे पाचशेला जातो. घेणारा कधी कधी तो पुन्हा टेबलावर ठेवतो आणि दुसऱ्यांदा लिलाव होतो. मुले हसतात, कोंबडी ओरडते, पैसे चर्चच्या पेटीत पडतात. या दृश्यात नेमके काय उलटे झाले ते नीट पाहायला हवे. ज्याचा पणजा खळ्यावर बलुते मागायला लांब उभा राहायचा, तो आज आपले धान्य आपल्या हाताने देवापुढे ठेवतो. घेणारा हात देणारा झाला. शेती ज्याची आहे त्याने भोपळा आणावा, ज्याची नाही त्याने मजुरीतून अंडी आणावीत. टेबलावर मांडताना कोणाचे कुठे ठेवायचे असा मान तिथे नसतो. ऋतूचा सण जातीच्या चौकटीतून सोडवता येतो, हे या लिलावाने कुठल्याही ठरावाशिवाय सिद्ध केले आहे. पंचांगाचा त्याग हा एक मार्ग झाला. पंचांग हिसकावून घेऊन त्यातली उतरंड मोडणे हा दुसरा, आणि तो अधिक धाडसाचा.

नारायण वामन टिळकांना ही वाट दिसली होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी नगरच्या मंडळीला भजन आणि कीर्तन दिले. पण चर्चने त्यांच्याकडून चाली घेतल्या आणि वेळापत्रक परदेशीच ठेवले. पेटी-तबला आत आला. मृग बाहेरच राहिला.

ऋतू आत आले तर काय फरक पडेल? उपवासकाळाचेच पाहा. उत्तर युरोपात हा काळ येतो तेव्हा हिवाळा सरत आलेला असतो, कणग्या रिकाम्या झालेल्या असतात आणि खारवलेले मांस संपत आलेले असते. तिथे उपवास परिस्थितीच करायला लावत होती. चर्चने त्या टंचाईला अर्थ दिला. देशावर मात्र याच दिवसांत रब्बीची ज्वारी काढणीला येते. ऐन धान्य घरात येताना उपाशी राहायचे, हे युरोपातल्या उपवासापेक्षा अवघड आणि म्हणून अधिक खरे. उपवासाबरोबर दानधर्म हवाच, असे चर्चची शिकवण सांगते. मग या चाळीस दिवसांत भरल्या कणगीतली ज्वारी चर्चमध्ये जमा होऊन गावातल्या ज्या घरी पुरुष कर्जापायी जीव देऊन गेला तिथे का पोचू नये? असे झाले तर उपवासकाळ काय असतो ते शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांनाही समजावून सांगावे लागणार नाही.

पुनरुत्थानाच्या आदल्या रात्रीच्या जागरणात पाण्याला आशीर्वाद देतात आणि बाप्तिस्म्याची वचने ताजी करतात. मराठवाड्यात तेव्हा विहिरींचा तळ दिसत असतो आणि गावात टँकर सुरू झालेले असतात. वेदीजवळच्या पात्रातल्या पाण्यावर सुंदर प्रार्थना म्हणायची आणि बाहेर हंड्यांची रांग लागलेली, या दोन पाण्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे धर्मगुरूला म्हणता येणार नाही. पुनरुत्थानानंतरचे पन्नास दिवस म्हणजे पावसाआधीचे पन्नास दिवस. विहिरीतला गाळ काढायला, बांध घालायला यापेक्षा योग्य मुदत कॅलेंडरमध्ये दुसरी नाही.

आणि नाताळ? ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तोडीला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबाचा नाताळ उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीतच होतो. येशूच्या जन्माची कथा सरकारी हुकमामुळे घर सोडून दूर गेलेल्या एका जोडप्याची आहे. कोपीत राहणाऱ्या बाईला ती समजावून सांगण्याची गरज पडत नाही. गावच्या चर्चमध्ये विजेची रोषणाई करण्यावर जो खर्च होतो, त्यातला काही भाग पाळकाला २५ डिसेंबरला फडावर पाठवण्यावर झाला, तर तो नाताळ लूकच्या शुभवर्तमानाच्या जास्त जवळ जाईल.

शहरातली मंडळी म्हणतील, आमच्याकडे शेतच उरले नाही. वसईच्या वाड्या-वाफ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. मुंबईच्या कित्येक गावठाणांत आगेऱ्याची कणसे बाहेरून आणावी लागतात. पण शेत गेले म्हणून ऋतू गेला नाही. जूनमधला पाऊस गटारातून घरात शिरतो तेव्हा शहरालाही तो कळतो. विकत आणलेले कणीस मिरवणाऱ्या गावठाणाने त्याच मिरवणुकीत विचारायला हवे, की आपली जमीन कोणी घेतली, कोणी विकली, खाडीवर भराव कोणी घातला. सणाला एवढी धार राहिली नाही तर तो वेशभूषेचा कार्यक्रम होतो, आणि ईस्ट इंडियन लुगड्यातले फोटो तेवढे उरतात.

हे सगळे करायला नियम आड येतो असेही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली कॅथलिक पंचांगाची फेररचना झाली तेव्हा शेतीसाठी, पावसासाठी आणि माणसाच्या गरजांसाठी करायच्या ऋतुप्रार्थनांच्या तारखा रोमने ठरवल्या नाहीत. त्या प्रत्येक देशाच्या बिशप परिषदेने आपापल्या हवामानाप्रमाणे ठरवाव्यात असे स्पष्ट लिहून ठेवले. दार अर्धशतकाहून अधिक काळ उघडे आहे. कॉन्स्टँटिनोपलचे पेट्रिआर्क दिमित्रिओस यांनी १९८९ साली १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली तो कॅथलिकांसाठी स्वीकारला, आणि आता अनेक पंथ १ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत सृष्टीचा काळ पाळतात. म्हणजे जगभरचे चर्च आज नव्याने ज्या कोपऱ्यात दिवा लावते आहे, तो कोपरा आपल्या शेतकऱ्यांनी केव्हाच शोधला होता. प्रॉटेस्टंट मंडळ्यांना तर यासाठी कोणाची परवानगीही मागायची गरज नाही.

जगभर एकच उपासना असावी, वेगळेपणाने एकी मोडेल, ही भीतीही खरी नाही. ऑस्ट्रेलियात नाताळ भर उन्हाळ्यात येतो, आणि पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स पुनरुत्थानाचा सण बहुतेक वर्षी आपल्यापेक्षा वेगळ्या रविवारी पाळतात. एकी येशूच्या कथेच्या क्रमात आहे. तिथे सगळ्यांचे हवामान एक असावे लागत नाही.

म्हणून धर्मगुरूंना, पाळकांना आणि मंडळीच्या पंचांना एकच विनंती. आगमनकाळ, उपवासकाळ, पुनरुत्थान यांच्या तारखा तुम्हाला वरून येतील. त्या तशाच ठेवा. पण पेरणीचा रविवार कोणता, सुगीचा कोणता आणि विहीर उपसायचा शनिवार कोणता, हे वरून येणार नाही. ते कोकणाला वेगळे असेल आणि नगरला वेगळे. येत्या मृगाच्या आधी मंडळीची एक बैठक घ्या, गावातल्या भूमिहीन बायकांना त्या बैठकीत पुढे बसवा, आणि या तीन तारखा ठरवून चर्चच्या फळ्यावर लिहा.